सहा पावलं

उमाजी गवंड्याने बास्केटबॉलच्या बोर्डाच्या तोंडाशी ओळंबा सोडला, तो जिथे टेकला तिथे खुंटी ठोकली, आणि टेप ओढत ओढत फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत आणला. ती रेघ दिगंबरने सकाळीच फक्कीने मारली होती. अजून तिच्यावर कोणाचा पाय पडला नव्हता. उमाजीने वाकून आकडा पाहिला, टेपाला पीळ पडला आहे का ते पाहिलं, पुन्हा खुंटीपाशी जाऊन आला. मग दुसऱ्या टोकाच्या बोर्डाखालीही तेच सगळं केलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्रिन्सिपॉलांच्या कचेरीतून आलेला नकाशाचा कागद होता. "मास्तर," तो म्हणाला, "ह्या कागदावर पंधरा फूट लिवलंय, आन् हितं चौदाच भरतंय. दोन्हीकडं तसंच. उद्या सकाळी सिमेंट पडनार. आता ह्यातलं खरं कोन्तं धरू?" दिगंबर म्हणाला, कागदातलं धर. इतक्या सहज म्हणाला की उमाजीला वाटलं असावं, मास्तरांना हे ठाऊकच होतं. उमाजी खुंट्या ठोकायला निघून गेला, आणि दिगंबर कोर्टाच्या मधोमध उभा राहिला. फक्कीचा डबा त्याच्या हातात होता आणि डब्याला खाली बारीक भोकं होती, त्यामुळे तो उभा होता तिथे त्याच्या बुटांभोवती पांढरा ढीग साचत गेला.

एक फूट. आपण पंधरा म्हणत होतो ते चौदा निघाले, म्हणजे काय झालं? जगात एवढं इकडचं तिकडे चाललं आहे. पंधरा दिवसांनी हे हैदराबाद राज्यच राहणार नाही, तेलुगू मुलूख एकीकडे, मराठी एकीकडे, कानडी एकीकडे. कचेऱ्यांतल्या कपाटांचीसुद्धा वाटणी चालली आहे, आणि तिथे एका कॉलेजच्या मातीच्या मैदानावरच्या एका रेघेचं काय घेऊन बसलात? असं तो स्वतःला म्हणून पाहत होता. पण दिगंबर हा काही स्वतःच्या बोलण्यावर सहजासहजी विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, स्वतःच्या पावलांवर. कोर्टाचे चार कोपरे विटा पुरून कायमचे केलेले होते, ते हलत नव्हते. आतल्या रेघा मात्र रोज पुसल्या जायच्या आणि रोज नव्याने माराव्या लागायच्या, आणि गेली तीन वर्षं त्या तोच मारत होता. कॉलेजात टेप होता. भांडारात पडून होता. त्याने तो कधी मागितला नाही. असिस्टंट कोचने रेघा माराव्यात, चेंडूत हवा भरावी, पोरांना कॉलेजच्या दोन घंटांच्या मध्ये हाकत मैदानावर आणावं, आणि मॅचच्या दिवशी मोठ्या कोचच्या उजव्या हाताला बसावं. यात टेपाचं काय काम? बोर्डाखालून निघायचं, सहा पावलं टाकायची, थांबायचं. सहा पावलं म्हणजे पंधरा फूट, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

हे त्याला मोठ्या कोचनी, गौस साहेबांनी, शिकवलं होतं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, परभणीकडून शिकायला आलेला, शेतात चालायची सवय असलेला पोरगा होता, आणि गौस साहेबांच्या मिशा काळ्या होत्या. ते म्हणत, कोर्ट डोळ्यांनी पाहणारा खेळाडू एक, आणि पायांनी ओळखणारा दुसरा. पहिला थकला की चुकतो, दुसरा झोपेतही चुकत नाही. महिनाभर त्यांनी त्याला चेंडूच दिला नव्हता. नुसतं चालायला लावलं. अडीच फुटांचं एक पाऊल, उन्हात, चिखलात, डोळ्यांवर रुमाल बांधून. पुढे त्याची ही गोष्ट इतकी गाजली की नामपल्लीच्या मोठ्या प्रदर्शनाच्या, नुमाइशीच्या, तयारीत ठेकेदार लोक त्याला गंमत म्हणून बोलवायचे, दुकानांचे गाळे पावलांनी आखायला लावायचे आणि मागून टेप लावून बघायचे. टेप हरायचा म्हणायला हरकत नाही. त्या धुळीत, बांबूंच्या आणि नव्या तट्ट्यांच्या वासात, लोक भोवती उभे आहेत आणि आपण मान वर करून चालत आहोत, ओठांत एक, दोन, तीन. तो वास अजूनही कुठे आला की दिगंबरची पाठ आपोआप ताठ होते. हैदराबादच्या टीमकडून तो चार वर्षं खेळला ते याच पायांवर. मागे न बघता पास द्यायचा. चेंडू जिथे जायचा तिथे आपला माणूस असायचाच.

मग एक्कावन्न साली रिंगखालून उतरताना उजवा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला, आणि गुडघ्यात लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. पाच महिने तो खाटेवर होता. उठला तेव्हा खेळ संपला होता, आणि दिगंबरने एकदा संपलं म्हटल्यावर संपलं. त्या दिवसापासून त्याने रिंगकडे एकदाही चेंडू फेकला नाही. पोरं आग्रह करायची, सर, एक तरी. तो हसून फक्कीचा डबा उचलायचा. लंगडतो हे त्याला ठाऊक होतं. रस्त्याने जाताना दुकानांच्या काचांत दिसायचं. पण लंगडणं ही त्याच्या दृष्टीने लोकांना दिसणारी गोष्ट होती, त्याचा मोजणीशी काही संबंध असेल असं त्याच्या मनात आलं नाही. पाय दुखरा झाला म्हणजे खोटा कसा होईल? आता इथे उभं राहून त्याने साधा गुणाकार केला. अठ्ठावीस इंचांचं पाऊल, सहा वेळा. एकशे अडुसष्ट. चौदा फूट. दर पावलाला दोन इंच त्याचा गुडघा त्याला न विचारता खाऊन टाकत होता.

आणि एकदा हे कळल्यावर बाकीचं सगळं ओळीने पुढे येऊन उभं राहिलं. बाहेरच्या टीम कधीमधी इथे खेळायला येत, त्यांचे फ्री थ्रो रिंगवरून जाऊन बोर्डावर आदळत. तेव्हा दिगंबर पोरांना म्हणायचा, बघा, पाहुण्यांना जोर फार, अक्कल कमी. आपली पोरं बाहेर गेली की त्यांचे फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या काठावर आपटून खाली पडत. त्यावरही त्याचा सिद्धान्त तयार होता: घरात शेर, बाहेर शेळी. जामबागच्या आपल्या कॉलेजच्या फाटकाबाहेर पडलं की यांचा दम जातो. तीन वर्षं तो हे सांगत होता. मीटिंगमध्ये सांगत होता, गौस साहेबांना सांगत होता, रात्री जेवताना बायकोला, रजनीला, सांगत होता. रजनी एकदा म्हणाली होती, सगळ्यांचाच दम एकदम कसा जातो? त्याने तिला खेळातलं काय कळतं म्हणून गप्प केलं होतं.

पण हेही सगळं सोसण्यासारखं होतं. श्रीनिवासचं नव्हतं. दिगंबरने डबा खाली ठेवला आणि कडेच्या दगडी पायरीवर जाऊन बसला, कारण आता त्याला बसावंच लागलं. फेब्रुवारीतली फायनल, बाहेरच्या कोर्टावर. शेवटचे काही सेकंद, एका गुणाने मागे, आणि श्रीनिवासला दोन फ्री थ्रो. सबंध टीममध्ये त्याच्याइतका शांत हात कोणाचा नव्हता. इथे याच रेघेवरून तो विसातले अठरा टाकायचा. पहिला चेंडू पुढच्या काठावर. दुसरा त्याच जागी. अगदी त्याच जागी, हे तेव्हा कोणाच्या लक्षात यायला हवं होतं? ज्याचा हात कापतो त्याचे दोन चेंडू दोन ठिकाणी पडतात. एकाच ठिकाणी दोन चेंडू पडतात ते नेम पक्का असलेल्याचे. हे चौतीस वर्षांच्या, चार वर्षं हैदराबादकडून खेळलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. त्याऐवजी मॅच संपल्यावर श्रीनिवास खाली मान घालून म्हणाला, "सर, इथली रिंग लांब वाटते," तेव्हा दिगंबर सगळ्यांसमोर म्हणाला होता, नाचता येईना अंगण वाकडं. पोरं हसली. हरल्यावर हसायला मिळालं म्हणून जरा जास्तच हसली. आणि एप्रिलमध्ये राज्याच्या टीमची निवड झाली, गौस साहेब निवडीवर होते, त्यांनी यादी पुढे ठेवून विचारलं, की श्रीनिवासचं काय करू, तुझ्या हाताखालचा पोरगा आहे, तू सांग. दिगंबर म्हणाला होता, ऐन वेळी हात कापतात त्याचे. गौस साहेबांनी नावावर रेघ ओढली. हैदराबाद असं छातीवर लिहिलेल्या त्या टीमला शहरभर लोक शेवटची टीम म्हणत होते. पुढच्या साली कोणती टीम असेल, असेल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं. श्रीनिवासने मैदानावर येणं बंद केलं. वर्गात यायचा, आणि कॉलेज सुटलं की मामाच्या कापडाच्या दुकानात बसायचा.

शर्टाच्या खिशात दोन कागद होते. दिगंबरने हात लावून पाहिलं, होते. एक ऑप्शनचा फॉर्म. मराठी नोकरांना विचारलं होतं, इथे राहता की मुंबई राज्यात जाता. आज संध्याकाळी पाचला शेवटची मुदत. औरंगाबादच्या कॉलेजात कोचची जागा होती, असिस्टंटची नव्हे, कोचची. दुसरा कागद म्हणजे त्या जागेसाठी गौस साहेबांनी दिलेलं शिफारसपत्र. ते त्याला जवळजवळ पाठ झालं होतं. त्यात एक वाक्य होतं की ह्या माणसाच्या पावलात इंचाचाही फरक पडत नाही. रजनीने भांडी पेटीत भरायला सुरुवात केली होती, तिचं माहेर तिकडचंच. आज सकाळीच तिने विचारलं होतं, तिथे तुम्हाला सगळे कोच साहेब म्हणतील ना? आणि आता उमाजी कागद बघून खुंट्या ठोकत होता. उद्या सकाळी सिमेंट पडेल, बरोबर पंधरा फुटांवर पक्की रेघ येईल, आणि खालची चौदाची रेघ जन्मात कोणाला दिसणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला सांगायचं तरी काय? उमाजी बोलणार नाही, त्याला त्यात बोलण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. फॉर्मवर सही करायची, गाडीत बसायचं. दिगंबरला हे सगळं इतकं सोपं दिसलं की त्याला भीती वाटली. मग तो उठला. गुडघा धरला होता, तो दोन्ही हातांनी दाबून सरळ केला, आणि गौस साहेबांच्या खोलीकडे निघाला. जाताना तो पावलं मोजत नव्हता. मोजत नाही हे त्याला वाटेतच जाणवलं.

गौस साहेब मेजावर जुने गटफोटो पसरून बसले होते. तेही महिन्याअखेर निवृत्त होणार होते. दिगंबरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आकड्यांसकट. साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले की, अशी चूक माझ्याकडूनही झाली असती. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते दिगंबरला जास्त लागलं. त्यांनी त्याला समजावलं की पोरगा दुकानाला लागला आहे, टीम खेळून आली आहे, गेलेली गाडी हात दाखवून थांबत नाही. तू हे चार लोकांत बोललास तर प्रिन्सिपॉलांच्या कानावर जाईल आणि मग तुला दिलेलं पत्र मला मागे घ्यावं लागेल. "मियाँ, एक फूट की बात है," ते शेवटी म्हणाले. "सिमेंट सब ढाँक लेता. तुम चुपके औरंगाबाद चले जाओ. पाँव से नापना मैं सिखाया, तो आधी गलती मेरी समझो."

दिगंबरने खिशातून पत्र काढलं आणि फोटोंवर ठेवलं. साहेब, अर्धी तुमची नाही, सगळी माझीच, असं तो म्हणाला. आणि हेही म्हणाला की मैदानावर सात पोरं आहेत, त्यांचे हात चौदा फुटांचे झाले आहेत, ते पंधराचे करायला एखादं वर्ष लागेल, आणि ते काम दुसऱ्या कोणावर टाकून जाण्याइतका मी मोठा कोच झालेलो नाही. नवा कोच कोणीही येवो, त्याच्या हाताखाली मी राहीन. मग त्याने साहेबांचाच टाक उचलून फॉर्मवर हैदराबाद लिहिलं आणि सही केली. गौस साहेब पत्राकडे पाहत होते. त्यांनी ते फाडलं नाही, परतही दिलं नाही. फोटोंच्या खाली सरकवून ठेवलं.

फॉर्म कचेरीत देऊन तो श्रीनिवासच्या मामाच्या दुकानाकडे, जामबागच्या रस्त्याला लागला. रजनीला काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं, आणि ते सुचेपर्यंत थांबायचं नाही एवढं मात्र त्याने ठरवलं होतं. दुकान लहान होतं. श्रीनिवास गादीवर बसून एका बाईला लाँगक्लॉथ मोजून देत होता. कापड मोजायचा तीन फुटी लोखंडी गज एका हातात, दुसऱ्या हाताने कापड सरकवायचं, गज उलटायचा, पुन्हा सरकवायचं. हात तसाच शांत होता. दिगंबर पायरीशी उभा राहिला. बाई गेल्यावर श्रीनिवास उठून उभा राहिला, बसा म्हणाला, मामांना हाक मारू का म्हणाला. दिगंबर बसला नाही. वाटेत त्याने बरीच वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "श्रीनिवास, ती रेघ चौदा फुटांवर होती. तुझा हात कापला नव्हता. चूक माझ्या पायाची होती, आणि मी तुझं सगळ्यांत हसं केलं, यादीतून नाव काढायला लावलं."

श्रीनिवासने हातातला गज गादीवर आडवा ठेवला. तो कापडाच्या ठाणाच्या घड्या सारख्या करत राहिला, आणि मग खाली बघतच बोलला. "मालूम था, सर. मी मार्चमध्ये मोजलं होतं, ह्याच गजाने. पाच गज भरायला पायजे होते, एक फूट कमी पडला."

मग का सांगितलं नाहीस, असं दिगंबरने विचारलं की नुसतं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही.

"सांगायलाच आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गज घेऊन. तुम्ही फक्की मारत होते. बोर्डाखालून निघाले, पाय ओढत, आणि तुमचे ओठ हलत होते. एक, दो, तीन. सहा झाल्यावर तुम्ही असे उभे राहिले सर, की..." त्याने गज उचलून भिंतीशी नीट टेकवून ठेवला. "मग मी परत गेलो. नक्को म्हटलं."

रस्त्यावरून एक सायकलरिक्षा घंटी वाजवत गेली. दिगंबरला वाटलं आपण इथेच पायरीवर बसून रडावं, आणि क्षणभर डोळ्यांत पाणी आलंही. त्याला आठवत होतं ते सकाळचं उभं राहणं. रोजचंच होतं. सहावं पाऊल टाकलं की मान वर करायची, छाती भरून श्वास घ्यायचा. दिवसातला तेवढा एक क्षण तो खेळाडू असायचा. एका पोराने तो पाहिला होता आणि तेवढ्यासाठी स्वतःचं नाव खोडू दिलं होतं. यादी लागली ती एप्रिलमध्ये. म्हणजे महिनाभर त्याच्या हातात होतं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. दिगंबरने विचार केला की याला उपकार म्हणावं, तर हा उपकार आपल्याला फेडता येणार नाही, आणि न फेडता जगण्याची सवय करावी लागेल. पण रडून काय उपयोग? अजून दीड तास उजेड होता. त्याने डोळे पुसले आणि मास्तरकीच्या आवाजात विचारलं, गज नेता येईल का थोडा वेळ? आणि तू येशील? श्रीनिवासने आत डोकावून मामांना काहीतरी सांगितलं, टोपी घातली, आणि गज खांद्यावर टाकून निघाला. वाटेत रस्ता ओलांडताना श्रीनिवास नकळत हळू चालतो आहे हे दिगंबरच्या लक्षात आलं, आणि तो म्हणाला, तुझ्या चालीने चाल.

मैदानावर पोरं जमली होती. सिमेंटच्या गोण्या कडेला रचलेल्या, उमाजी सुतळी बांधत होता. श्रीनिवासला पाहून पोरांची कुजबूज झाली. दिगंबरने सगळ्यांना बोर्डाखाली बोलावलं आणि सांगितलं. दुकानात सांगितलं तेच, तितक्याच शब्दांत. फेब्रुवारीची मॅच, अंगण वाकडं, यादी. ते म्हणायला त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं, कारण आता कोणी हसलं नाही. अंगण खरंच वाकडं होतं, तो म्हणाला, आणि ते मी वाकडं केलं होतं. मग श्रीनिवासने गज ओळंब्याखालच्या खुंटीपाशी ठेवला आणि एक एक करत पाच वेळा उलटला. पाचव्याचं टोक जिथे आलं तिथे दिगंबरने फक्कीची रेघ मारली. मागे वळून त्याने बुटाने, दुखऱ्याच पायाच्या बुटाने, सकाळची रेघ पुसली. पांढरं मातीत मिसळायला वेळ लागला.

उमाजी सुतळी हातात धरून म्हणाला, मास्तर, ही रेघ कशाला, म्या खुंट्या ठोकल्याच की. दिगंबर म्हणाला, असू दे, आज संध्याकाळपुरती असू दे. श्रीनिवास नव्या रेघेवर उभा राहिला. सहा महिन्यांनी त्याच्या हातात चेंडू होता. त्याने दोनदा टप्पा दिला, गुडघे वाकवले, आणि फेकला. चेंडू रिंगच्या पुढच्या काठावर आपटून खाली पडला. फेब्रुवारीत पडला होता तिथेच. पोरांपैकी कोणीतरी आणायला धावणार होतं, पण दिगंबरने हाताने थांबवलं, स्वतः जाऊन चेंडू उचलला आणि बोर्डाखालून परत निघाला. त्याने चेंडू पास केला नाही, हातात घेऊन चालत आला. सगळे बघत होते. त्याची मान खाली होती, नजर पायांवर, उजवा पाय मागे रेंगाळत होता, आणि या वेळी तो ओठांतल्या ओठांत नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजत होता. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. रेघ अजून पुढे होती. "आणि हे वरचं अर्धं," तो म्हणाला, ते अर्धं पाऊल टाकलं, आणि चेंडू श्रीनिवासच्या हातात दिला. "पुन्हा टाक."